मालकाची मजुरी

वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या लहान काजू युनिटची खर्चाची वही उघडली तर त्यात काजूबीचा भाव सापडतो, फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांची हजेरी सापडते, जळण, पाकिटं, विजेचं बिल, टेम्पोचं भाडं, सगळं सापडतं. सकाळी सातला शटर उघडणाऱ्या आणि रात्री नऊला फोनवर ऑर्डरी लिहून घेणाऱ्या मालकाच्या कामाची मात्र एकही ओळ नसते. विचारलं तर उत्तर येतं, ‘धंदो आपलोच, पगार कसलो घेवचो? उरतला ता आपलाच.’ या उत्तरात कष्टाची तयारी आहे, प्रामाणिकपणाही आहे. तरीही हिशोब म्हणून ते चुकीचं आहे, आणि ती चूक फार महाग पडते.

स्टार्टअपच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो: संस्थापकानं स्वतःला पगार किती द्यावा? तिथे एक डॉलर पगार घेणाऱ्या अमेरिकी कंपनीप्रमुखांची उदाहरणं दिली जातात. आपल्याकडे मुकेश अंबानींनी २००८-०९ पासून आपला पगार १५ कोटींवर गोठवला आणि २०२०-२१ पासून तो घेणंच थांबवलं, हेही सांगितलं जातं. पण ज्याच्या नावावर एवढे शेअर आहेत, त्याचं घर लाभांशावर चालतं. कुडाळच्या एमआयडीसीत आमरसाचे डबे भरणाऱ्या किंवा मालवणात चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या माणसाला या उदाहरणांतून शिकण्यासारखं काही नाही. उलट ‘पगार न घेणं म्हणजे त्याग’ अशी एक खोटी समजूत मनात बसते.

शिकायचं तर आपल्याच किनाऱ्यावर शिकता येतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाटे पडतात. ओढणाऱ्या माणसाचा वाटा वेगळा आणि जाळ्याचा, होडीचा वाटा वेगळा. ज्याचं जाळं आहे आणि जो स्वतः दोराला हात लावतो, त्याला दोन्ही मिळतात, पण दोन निराळ्या कारणांसाठी. एक अंगमेहनतीचा, दुसरा मालकीचा. जाळ्याचा मालक आजारी पडून घरी राहिला तर जाळ्याचा वाटा त्याच्या घरी जातो, ओढण्याचा जात नाही. संस्थापकाच्या पगाराचं सगळं तत्त्व एवढ्यात आलं. पगार ही कामाची किंमत आहे, नफा हा मालकीचा मोबदला आहे. दोन्ही एकाच खिशात पडतात म्हणून वहीतही एकाच ओळीत टाकले, की धंदा खरंच कमावतोय की आपण त्याला फुकट राबून जगवतोय, हे कळायचा रस्ताच बंद होतो.

आकडे मांडून पाहू. समजा हंगामात १० टन काजूबी किलोला १४० रुपयांनी घेतली. एप्रिल-मेमध्येच १४ लाख रुपये अडकले. ढोबळ मानानं चार किलो बीमागे एक किलो गर धरला तर अडीच हजार किलो गर मिळेल. एका किलो गरात बीचेच ५६० रुपये. फोडणं, सोलणं, प्रतवारी, जळण आणि पाकिटं यांचे १३०. जागा, वीज आणि कर्जाचं व्याज यांचे ६०. झाले ७५०. पाकळी-तुकडा, म्हणजे दुभंगलेला आणि तुटलेला स्वस्त गर, धरून सरासरी घाऊक भाव ८२० मिळाला, तर किलोमागे ७० रुपये सुटले. वर्षाला पावणेदोन लाख. मालक म्हणतो, फायद्यात आहोत.

आता त्या कामाला माणूस ठेवायचा झाला तर? खरेदीला वाडी-वाडी फिरणारा, ओलावा हातानं ओळखणारा, बायकांची हजेरी सांभाळणारा आणि वसुलीचे फोन करणारा माणूस महिना २५ हजारांच्या खाली टिकणार नाही असं धरू. वर्षाचे तीन लाख. अडीच हजार किलोंवर वाटले तर किलोमागे १२० रुपये. म्हणजे ७० रुपये फायदा नव्हताच, ५० रुपये तोटा होता, आणि तो मालकानं आपल्या अंगावर काढला. हातात आलेले पावणेदोन लाख म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांची नोकरी, तीही स्वतःचं भांडवल अडकवून.

हे गणित निराश करायला नाही, दिशा दाखवायला आहे. तीन लाखांची मजुरी निघायला किलोमागच्या ७० रुपयांनी साधारण ४,३०० किलो गर लागतो, म्हणजे सतरा टनांवर बी. जागेचा खर्च तेवढाच राहील म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीही चालेल. पण सतरा टनांना हंगामात जवळपास चोवीस लाख रोख हवेत. तेव्हा प्रश्न सरळ होतो: तेवढं खेळतं भांडवल मिळणार का, की भाव बदलायचा? घाऊक विकण्याऐवजी निम्मा माल पाव किलोच्या पाकिटात थेट गिऱ्हाईकाला विकायचा का? मालकाची मजुरी वहीत नसती तर हा प्रश्न पडलाच नसता. आणखी तीन वर्षं त्याच आकारात, त्याच भावात राबणं चालू राहिलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: मजुरीचे दोन आकडे असतात आणि ते वेगळे ठेवायचे. एक, हिशोबात धरायची मजुरी. आपल्या जागी माणूस ठेवला तर तो काय घेईल, तेवढी. ती पहिल्या दिवसापासून भाव ठरवताना धरायची, मग खिशात एक रुपया आला नाही तरी चालेल. दोन, हातात घ्यायची मजुरी. ती धंद्याच्या ताकदीवर ठरते आणि सुरुवातीला पहिलीपेक्षा कमीच असते. बहुतेक घोळ या दोन आकड्यांची सरमिसळ केल्यानं होतो. ‘सध्या घेत नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘लागतच नाही’ असा होऊन बसतो.

हातात किती घ्यायची हे ठरवायला आधी घराचा आकडा काढावा लागतो, आणि तो बहुतेकांचा चुकतो. कारण महिन्याचा खर्च आठवतो, वर्षाचा आठवत नाही. किराणा, मासे, दूध, गॅस, वीज, मोबाइल, पेट्रोल आणि आईवडिलांची औषधं मिळून समजा १९ हजार. पण गणपतीचे २५ हजार, शिमगा आणि जत्रेचे ८, कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २४, शाळेची फी-पुस्तकं २१, पावसाआधी कौलं-पत्रे आणि घराची डागडुजी १८. हे झाले ९६ हजार, म्हणजे महिन्याला आणखी आठ. एकूण २७. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे. तीस हजारांना थोडं कमी. गावात स्वतःचं घर आहे, भाडं नाही, नारळ-तांदूळ घरचे आहेत, म्हणून ‘आम्हाला काय खर्च’ असं म्हणायची सवय असते. पण मोठं आजारपण आलं की सिंधुदुर्गातला माणूस गोव्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला जातो, आणि गाडीभाडं व नातेवाइकांचं राहणं-खाणं हा खर्च शहरातल्या माणसाला लागत नाही, तो इथे लागतो. हा आकडा नवरा-बायकोनं एकत्र बसून काढावा. एकट्यानं काढलेला आकडा नेहमी कमी निघतो.

मग धंद्याची ताकद. हप्ते, कर आणि यंत्रांची डागडुजी वजा जाता गेल्या तीन वर्षांत किती रोख उरली ते लिहायचं. समजा ४ लाख २० हजार, ५ लाख १० हजार आणि एका वाईट वर्षी दीड लाख. सरासरी ३ लाख ६० हजार. पुष्कळजण इथे सरासरीच उचलतात आणि महिन्याला ३० हजार काढू लागतात. कोकणात हे धोक्याचं आहे, कारण इथलं वाईट वर्ष सरासरीच्या जवळपास नसतं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते, त्याच वर्षी २२ जुलैचा चिपळूणचा पूर, हे तिन्ही तेरा-चौदा महिन्यांत आले. माझ्या मते सरासरीच्या साठ टक्क्यांवर कायम मजुरी धरावी. या उदाहरणात २ लाख १६ हजार, म्हणजे महिना १८ हजार. दीड लाखाच्या वर्षी ६६ हजार कमी पडतील, ते चांगल्या वर्षांच्या शिलकीतून येतील. चांगल्या वर्षी वर राहील त्यातला काही भाग हंगामानंतर एकरकमी घ्यायचा, पण त्याला नफा म्हणायचं, पगार नाही.

घराला ३० हजार हवेत, कामाचा बाजारभाव २५ आहे आणि धंद्याची ताकद १८ आहे. तीन आकडे जुळत नाहीत, आणि बहुतेकांचे जुळत नाहीत. अशा वेळी धंद्यातून जास्त ओढू नये. बाराची तफावत कुठून भरायची हे उघड ठरवावं: घरातल्या दुसऱ्या माणसाचा पगार, बागेचं उत्पन्न, शिकवण्या किंवा बाजूला काढून ठेवलेली बचत. बचत असेल तर ती किती महिने पुरेल हे लिहून, त्यावर तारीख टाकावी. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला माणूस बचतीवर जगत असतो, आणि ती संपत चाललीय हे त्याच्या धंद्याच्या वहीत कुठेच दिसत नाही. धंदा फायद्यात आणि माणूस कफल्लक, असं होतं ते यामुळे.

आता सगळ्यात अवघड भाग. कोकणात पैसा बारा महिने येत नाही. हापूसचा पैसा मार्च ते मेअखेर. काजूबीची खरेदी त्याच दिवसांत, म्हणजे पैसा जायचाही तोच काळ. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. मालवण-तारकर्लीचं स्कूबा आणि बोटी मेअखेरीला थांबतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. आणि घरातला सर्वांत मोठा खर्च, गणपती, नेमका या रिकाम्या महिन्यांच्या शेवटी. पगार दर महिन्याला आणि कमाई अडीच महिने, हे जमवायला शिस्त लागत नाही, रचना लागते.

रचना अशी. धंद्याचं चालू खातं एक, आणि ‘मजुरी’ म्हणून वेगळं बचत खातं दुसरं. आढत्याकडून शेवटची पट्टी (विक्रीचा हिशोब) आली, रसासाठी आंबा घेणाऱ्या कॅनिंगवाल्याचा हिशोब झाला, की जूनच्या मध्याला एका बैठकीत वाटप करायचं. सर्वांत आधी पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला: खतं, जुलै-ऑगस्टमध्ये मोहोरासाठी झाडाला द्यायचं कल्टार, मोहोर फुटल्यापासूनच्या फवारण्या, राखणदार, पेट्या आणि पेंढा. मग कर्जाचे हप्ते आणि कर. आगाऊ कर लागत असेल तर त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. त्यातली पहिलीच या बैठकीच्या तोंडावर येते. मग कायम माणसांचे पावसाळ्यातले पगार. त्यानंतर मालकाची बारा महिन्यांची मजुरी एकदम मजुरीच्या खात्यात, आणि तिथून दर महिन्याच्या ५ तारखेला घरच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप वळती. बँकेला एकदा सूचना दिली की पुरे. पडून राहणाऱ्या रकमेची सहा-सहा महिन्यांची ठेव केली तर थोडं व्याजही सुटतं. सर्वांत शेवटी उरलेली शिल्लक.

क्रम का महत्त्वाचा, तर उलटा क्रम काय करतो ते दरवर्षी दिसतं. मेमध्ये हातात गठ्ठा येतो. घरावर स्लॅब चढतो, गाडी येते, लग्न होतं. ऑक्टोबरात मोहोराची चाहूल लागते तेव्हा फवारणीला पैसे नसतात. मग औषधाच्या दुकानात उधारी, नाहीतर आढत्याकडून आगाऊ रक्कम. आगाऊ घेतली की आंबा त्याच गाळ्यावर पाठवावा लागतो, आणि वाशीच्या घाऊक बाजारात दुसरीकडे पेटीला चार पैसे जास्त मिळत असले तरी तिकडे बघता येत नाही. मेमध्ये मालकानं स्वतःला दिलेला तो बेहिशेबी पगार पुढच्या मार्चच्या भावातून कापला जातो. त्याची पावती कुणी देत नाही, म्हणून तो दिसत नाही, इतकंच.

बागायतदारानं प्रक्रिया सुरू केली की एक जास्तीचा गुंता होतो. घरच्या बागेतला आंबा घरच्याच पल्प युनिटला जातो आणि त्याचा भाव कुणी लावत नाही. समजा चार टन आंबा, कॅनिंगचा भाव किलोला ३० रुपये, तर १ लाख २० हजारांचा माल युनिटला फुकट मिळाला. युनिट फायद्यात दिसतं ते बागेच्या जिवावर. मालकाच्या मजुरीइतकीच ही चोरटी मदत आहे, आणि युनिटनं बागेला त्या दिवसाच्या कॅनिंगच्या भावानं पैसे वळते केले पाहिजेत. करासाठीही हे वेगळं असणं बरं: ताज्या आंब्याचं उत्पन्न शेतीचं, ते करमुक्त, आमरसाचे डबे आणि आंबापोळी हा उद्योग. दोन्हीच्या सीमेवर प्रश्न निघाला तर कागद हवेत.

कायद्याकडे वळू. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यानं जुन्या कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांक न देता आशय सांगतो. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाला पगार ही गोष्ट कायद्याला मान्यच नाही. आपण काढतो ती उचल. ती खर्चात धरली जात नाही, कर सगळ्या नफ्यावर लागतो, पैसे काढा वा ठेवा. म्हणून एकट्या मालकानं मजुरी धरायची ती भावासाठी आणि शिस्तीसाठी, करासाठी नव्हे. फक्त उचल नफ्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. तसं दोन-तीन वर्षं झालं की ताळेबंदात भांडवल खात जातं, आणि कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या, नूतनीकरणाला बँकेचा माणूस नेमकी तीच ओळ बघतो.

भागीदारी संस्थेत चित्र एकदम बदलतं, आणि इथे अज्ञान फार महाग आहे. काम करणाऱ्या भागीदारांना पगार देता येतो, तो खर्च म्हणून वजा होतो, पण मर्यादेत: हिशोबी नफ्याच्या (भागीदारांचा पगार वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या) पहिल्या सहा लाखांवर नव्वद टक्के किंवा तीन लाख यांतलं जास्त असेल ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर साठ टक्के. समजा पगारापूर्वीचा नफा दहा लाख. पहिल्या सहा लाखांचे ५ लाख ४०, उरलेल्या चारांचे २ लाख ४०. एकूण ७ लाख ८० हजार. दोन भागीदार असतील तर प्रत्येकी ३ लाख ९०, म्हणजे महिना साडेबत्तीस हजार. संस्थेला कर लागतो तो उरलेल्या २ लाख २० हजारांवर, उपकरासह ३१.२ टक्क्यांनी, ६८,६४० रुपये. भागीदारांच्या हातात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच भरावा लागत नाही. आता हाच पगार करारात लिहिलेला नसेल तर? संपूर्ण दहा लाखांवर संस्थेचा कर, ३ लाख १२ हजार. एका कलमाच्या अभावी वर्षाला २ लाख ४३ हजार गेले.

करारात ‘भागीदार परस्परसंमतीनं पगार ठरवतील’ एवढं लिहून भागत नाही. रक्कम किंवा ती काढायची पद्धत लिहावी लागते; १९९६ च्या परिपत्रकापासून हे स्पष्ट आहे. तयार नमुन्यावरून करार केला की नेमकं हेच वाक्य मोघम राहतं. भांडवलावर बारा टक्क्यांपर्यंत साधं व्याजही देता येतं, तेही करारात असलं तरच. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात वीस हजारांहून जास्त पगार-व्याज दिलं तर संस्थेनं दहा टक्के कर कापून भरायचा आहे. नुसतं वहीत जमा दाखवलं तरी तो लागतो. मार्चअखेर एका नोंदीनं वर्षभराचा पगार टाकायची जी जुनी पद्धत आहे, ती आता जपून वापरायला हवी. उलाढालीच्या सहा-आठ टक्के नफा गृहीत धरायची सोपी योजना घेतलेल्या भागीदारीला तर पगाराची ही वजावट मिळतच नाही. एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) ती योजनाच नाही.

खासगी कंपनीत संचालकाचा पगार हा सरळ खर्च. ठराव करायचा, दरमहा बँकेतून द्यायचा, कर कापायचा असेल तर कापायचा, व्यवसाय कर भरायचा. पगारदाराला नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. कंपनीचा नफा मात्र आधी कंपनीच्या दरानं कापला जातो आणि मग लाभांश म्हणून मालकाच्या हातात परत करपात्र होतो. म्हणून लहान कंपनीच्या मालकानं रास्त पगार न घेता लाभांशाची वाट पाहणं बहुधा तोट्याचं ठरतं. सर्वांत घातक सवय म्हणजे कंपनीच्या खात्यातून ‘तात्पुरते’ पैसे उचलणं. दहा टक्के वा जास्त हिस्सा असलेल्या भागधारकाला अशा कंपनीनं कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते लाभांश मानून कर लागू शकतो. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याची वेगळी बंधनं आहेतच. कंपनी झाली की तिचा गल्ला आपला नसतो, हे मनाला पटायला वेळ लागतो.

दोन भागीदारांपैकी एक गावात पूर्णवेळ आणि दुसरा मुंबईत नोकरी करून पैसे घालणारा, ही जोडी आपल्याकडे फार. चुलतभाऊ असतात, वर्गमित्र असतात. नफा निम्मा-निम्मा ठरतो आणि पगाराचं कुणी बोलत नाही, कारण बोलणं वाईट दिसतं. पहिलं वर्ष उत्साहात जातं. दुसऱ्या वर्षी गावातल्याला वाटू लागतं की मी राबतो आणि हा बसून निम्मं नेतो. मुंबईतल्याला वाटतं की माझे दहा लाख अडकलेत आणि हा गाडीत पेट्रोल धंद्याचं टाकतो. दोघांचंही खरं असतं. गावातल्याला आधी मजुरी, मुंबईतल्याच्या भांडवलाला आधी व्याज, आणि दोन्ही वजा जाऊन उरेल तो नफा निम्मा, एवढं पहिल्याच दिवशी कागदावर असतं तर भांडायला काही उरलं नसतं. पेट्रोल, मोबाइल आणि घरी नेलेला माल किती धंद्याचा, किती घरचा, हेही त्याच कागदावर यावं.

आणि घरच्या बाईच्या कामाबद्दल. होमस्टेचा सगळा डोलारा तिच्या स्वयंपाकावर उभा असतो: सकाळचे घावणे, दुपारचं सुरमईचं ताट, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा पेटवलेली चूल. खोलीचा दर ठरवताना तिची मजुरी शून्य धरली जाते. आचारी ठेवला तर काय द्यावं लागेल ते धरावं, आणि धंद्याची ऐपत येताच तिच्या स्वतःच्या खात्यात ते जमाही करावं. करात एक मेख आहे: ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा हिस्सा आहे, तिथून बायकोला मिळणारा पगार तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण-कौशल्य नसेल तर नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जाऊ शकतो. सीएला विचारून रचना करावी. पण कर वाचत नाही म्हणून मजुरीच देऊ नये, हे मला पटत नाही. करवजावट मिळते म्हणून आपण काजू फोडणाऱ्या बायकांना मजुरी देतो का?

बाहेरचं भांडवल घेतलेल्या स्टार्टअपचं गणित थोडं निराळं. समजा सावंतवाडीत बसून सॉफ्टवेअर करणाऱ्या दोघांना ६० लाख मिळाले. तीन कर्मचाऱ्यांचे १ लाख ५ हजार, जागा, इंटरनेट, इन्व्हर्टर आणि सर्व्हरचे ४५ हजार. दोघांनी पन्नास-पन्नास हजार घेतले तर महिन्याला अडीच लाख जातात, पैसा चोवीस महिने पुरतो. लाख-लाख घेतले तर सतरा. काहीच घेतलं नाही तर कागदावर चाळीस महिने, पण त्याआधी दोघांची घरं थांबतात आणि एकजण गुपचूप बाहेरची कामं घेऊ लागतो. गुंतवणूकदाराला सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. कोकणात राहण्याचा खरा फायदा इथे आहे: पुण्याच्या निम्म्या पगारात माणूस निर्धास्त राहू शकतो. मात्र गुंतवणुकीच्या करारात संस्थापकांचा पगार वाढवायला गुंतवणूकदाराची संमती लागेल असं कलम बहुधा असतं, म्हणून सुरुवातीचा आकडा संकोचानं फार खाली सांगू नये. नंतर तो वर नेणं कठीण जातं.

पगार ठरला आणि द्यायला पैसे नसले तर काय? एकट्या मालकानं वहीच्या कडेला ‘न घेतलेली मजुरी’ म्हणून दरमहा लिहीत जावं. ते येणं नव्हे, पण धंदा विकताना, नवा भागीदार घेताना किंवा भाव वाढवताना ते पान कामाला येतं. कंपनीत मात्र थकीत पगार दाखवताना जपावं. पगारावरचा कर तो देय झाला की लागतो, हातात आला की नाही हे कायदा विचारत नाही. न मिळालेल्या पैशावर कर भरायची पाळी येऊ नये म्हणून महिना सुरू होण्यापूर्वी ठराव करून पगार कमी करावा, थकवत बसू नये. नवा गुंतवणूकदारही आपल्या पैशातून संस्थापकांची जुनी थकबाकी फेडायला सहसा तयार नसतो.

वाढ कधी करावी, याला शहरात मार्चअखेरचे आकडे बघतात. इथे मार्च-एप्रिलचे आकडे बघून काहीच ठरवू नये, तेव्हा सगळेच श्रीमंत असतात. सप्टेंबरअखेर बघावं. पावसाळा, बंदी, गणपती, सगळं उरकलेलं असतं आणि नवा पैसा अजून सुरू झालेला नसतो. त्या दिवशी पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला ठेवलेला शाबूत असेल, माणसांचे पगार थकलेले नसतील आणि मजुरीच्या खात्यात मेअखेरपर्यंतचे हप्ते पडलेले असतील, तर १८ हजारांचे वीस-बावीस करायला हरकत नाही. सलग दोन सप्टेंबर असे गेले तर हिशोबातल्या २५ पर्यंत जावं. त्याच्या वर धंद्यानं कितीही कमावलं तरी कायम मजुरी वाढवू नये. मजुरी कामाच्या किमतीएवढीच असावी, बाकीचा पैसा मालकीचा, तो वर्षातून एकदा, जूनच्या बैठकीत. आणि हातात घ्यायची मजुरी हिशोबातल्या मजुरीला भिडली, की त्याच पैशात व्यवस्थापक ठेवून स्वतः खरेदी आणि विक्रीकडे मोकळं व्हायचं का, हा विचार त्या बैठकीत पहिल्यांदा करता येतो.